बिल मागायला शिकवताना

२४ डिसेंबर जवळ आला की शाळेच्या फळ्यावर रंगीत खडूंनी 'राष्ट्रीय ग्राहक दिन' लिहिलं जातं. १९८६ साली याच तारखेला ग्राहक संरक्षण कायद्याला राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली, म्हणून हा दिवस. परिपाठात एखादं भाषण होतं, घोषणा होतात, सहा हक्कांची यादी वाचली जाते. मुलं ती पाठ करतात आणि पेपरात बिनचूक लिहितातही. त्याच दिवशी मधल्या सुट्टीत शाळेसमोरून घेतलेल्या पुड्यावर काय छापलंय, ते मात्र एकही मूल वाचत नाही. यात मुलांची काही चूक नाही. हक्क सांगितले गेले, पण ते वापरायचे कुठे, हे कुणी दाखवलंच नाही.

वापरायची जागा म्हणजे दुकानाचा गल्ला. तिथे उभं राहून "काका, बिल द्याल का?" एवढे चार शब्द ज्याला न अडखळता म्हणता येतात, त्याने ग्राहक कायद्याचा निम्मा अभ्यास केलाय असं मला मनापासून वाटतं. बाकीचे हक्क त्या कागदाच्या मागून येतात. सदोष माल परत द्यायचा तर तो कधी, कुठून, कितीला घेतला हे दाखवावं लागतं. तक्रार मुदतीत आहे हे दाखवायचं तर तारीख लागते. पुण्यात बिंदुमाधव जोशींनी १९७४ साली ग्राहक पंचायत या ग्राहकांच्या संघटनेचं काम सुरू केलं, ते कायदा यायच्या बारा वर्षं आधी. त्या काळात ग्राहकाच्या हातात फक्त प्रश्न विचारणं होतं. आज कायदा आहे, हेल्पलाइन आहे, घरबसल्या तक्रार दाखल करायची सोय आहे, आणि गल्ल्यावरचा प्रश्नच तेवढा विचारायचा राहून जातो.

म्हणून वर्गात सुरुवात करायची ती कागदापासून. प्रत्येकाला घरून एक रिकामं वेष्टन आणायला सांगा: बिस्किटांचा पुडा, तेलाची पिशवी, साबणाचं खोकं. शाम्पूची चिमुकली पुडी नको, कारण अगदी छोट्या पाकिटांना काही सवलती आहेत आणि पहिल्याच तासाला अपवादांनी गोंधळ होतो. मग फळ्यावर विचारायचं : उत्पादकाचं किंवा पॅक करणाऱ्याचं नाव-पत्ता कुठे आहे? निव्वळ वजन किती? बनवल्याचा महिना-वर्ष? सर्व करांसह कमाल किरकोळ किंमत? तक्रारीसाठी फोन किंवा ईमेल? हे सगळं छापणं वैध मापन शास्त्राच्या, म्हणजे वजन-मापांच्या कायद्याच्या, २०११ च्या आवेष्टित वस्तू नियमांनुसार बंधनकारक आहे. खाद्यपदार्थ असेल तर एफएसएसएआय या अन्नसुरक्षा यंत्रणेचा १४ अंकी परवाना क्रमांक शोधायचा, आणि हिरव्या वर्तुळाची किंवा तपकिरी त्रिकोणाची खूण. इस्त्री, कुकर, हेल्मेट अशा वस्तूंवर आयएसआय खूण असते. तिच्या वरच्या बाजूला मानकाचा क्रमांक आणि खाली परवान्याचा क्रमांक असतो. नुसतीच खूण असेल आणि परवाना क्रमांक नसेल, तर संशय घ्यायला जागा आहे. भारतीय मानक ब्यूरोच्या बीआयएस केअर या ॲपमध्ये तो क्रमांक टाकला की परवाना कुणाच्या नावावर आहे ते कळतं. मुलांना हे फार आवडतं, कारण उत्तर लगेच समोर येतं.

आता वेष्टनावर एककाची किंमतही असते. निव्वळ वजन किलोच्या आत असेल तर प्रति ग्रॅम आणि किलोच्या वर असेल तर प्रति किलो. समजा एका चहाच्या ५०० ग्रॅमच्या पाकिटाची किंमत ११५ रुपये आहे, त्यावर ०.२३ रुपये प्रति ग्रॅम असं असेल. त्याच चहाच्या दोन किलोच्या पाकिटाची किंमत ४८० असेल, तर २४० रुपये प्रति किलो. एकावर ०.२३, दुसऱ्यावर २४०. वर्गातले बहुतेक हात 'मोठं पाकीट स्वस्त' म्हणून वर जातात. मग एकाला दोन्ही किमती एकाच एककात करायला लावायचं : ०.२३ रुपये ग्रॅम म्हणजे २३० रुपये किलो. मोठं पाकीट किलोमागे दहा रुपयांनी महाग निघालं! हे गणित पाचवीच्या मुलालाही येतं. फक्त ते दुकानात करायचं असतं हे त्याला माहीत नसतं. मुलांनी एकदा घरी हे सांगितलं, की महिन्याचं वाणसामान भरताना आई-बाबांनाही पाकीट उलटून बघायची सवय लागते.

वजनाचा प्रयोग करायचा असेल तर जरा तयारी करावी लागते, नाहीतर तो उलटतो. प्रयोगशाळेतल्या किंवा स्वयंपाकघरातल्या काट्यावर मुलं १०० ग्रॅमचा बिस्किटांचा पुडा फोडून मोजतात, ९८ भरतात आणि वर्गात एकच गलका होतो : फसवलं! इथे थांबवायला हवं. कायद्याने एकेका पाकिटाच्या वजनात थोडा फरक मान्य केलेला आहे. १०० ग्रॅमच्या पाकिटाला साडेचार ग्रॅम, अर्ध्या किलोपासून किलोपर्यंत १५ ग्रॅम. पण अधिकारी एकच पाकीट बघत नाहीत, नमुन्याची सरासरी बघतात, आणि ती छापील वजनाच्या खाली जाऊन चालत नाही. म्हणून दहा पुडे मोजा. सगळ्या गटांनी एक-एक आणला तरी दहा होतात. आधी काटा शून्यावर आहे ना, ते बघा. रिकाम्या वेष्टनाचं वजन वेगळं लिहा आणि एकूण वजनातून वजा करा. स्वयंपाकघरातला काटा एक ग्रॅमच्या टप्प्याने दाखवतो, तेव्हा त्याचीही चूक धरा. सरासरी १००च्या वर आली तर तेही मुलांनी प्रामाणिकपणे लिहायला हवं. ग्राहक शिक्षण म्हणजे दर वेळी चोर पकडणं, असा समज एकदा बसला की मुलं पुरावा बघायच्या आधी निकाल देऊ लागतात. ती सवय नंतर मोडत नाही.

मंडईत सुट्या मालाला छापील किंमत नसते. तिथे काट्याची पडताळणी महत्त्वाची. इलेक्ट्रॉनिक काटा दर वर्षी वैध मापन यंत्रणेकडून तपासून त्यावर मुद्रा घ्यावी लागते आणि प्रमाणपत्र दिसेल असं लावावं लागतं. मिठाईच्या दुकानात खोकं मिठाईबरोबर तोललं जात असेल तर तो खोक्याचा भाव नाही, काजूकतलीचा भाव आहे, हे पटकन लक्षात येत नाही. ६० ग्रॅमचं खोकं आणि ९०० रुपये किलोची मिठाई घेतली तर पुठ्ठ्यासाठी ५४ रुपये गेले. कॉलेजची मुलं दुचाकीवर असतात, त्यांना पेट्रोल पंपाचं सांगावं. 'शंभरचं नको, एकशे दहाचं टाका' या समजुतीला काही आधार नाही. शंका आली तर पंपावर पाच लिटरचं मुद्रांकित माप असतं, ते मागायचं. त्यात २५ मिलीलीटरपर्यंतचा फरक चालतो, त्याहून जास्त नाही.

आता बिलाकडे येतो. 'बिल हवं असेल तर अठरा टक्के वाढतील' हे वाक्य पुण्यातल्या कुठल्याही मुलाने घरातल्या मोठ्यांबरोबर दुकानात उभं राहून ऐकलेलं असतं. त्याचं उत्तर वेष्टनावरच आहे : छापील कमाल किंमत ही सर्व करांसहच असते. तिच्यावर आणखी जीएसटी लावता येत नाही. दुसरी अडचण 'एस्टिमेट' नावाच्या चिठ्ठीची. पिवळसर कागद, वर दुकानाचं नाव नाही, क्रमांक नाही, फक्त आकडे आणि खाली बेरीज. मुलांसमोर अशी एक चिठ्ठी आणि एक पक्कं बिल शेजारी-शेजारी ठेवा आणि फरक त्यांनाच शोधू द्या. विक्रेत्याचं नाव-पत्ता, अनुक्रमांक, तारीख, वस्तूचं वर्णन, संख्या, किंमत, कर. मोबाइल किंवा मिक्सर असेल तर त्याचा सिरियल नंबर बिलावर उतरवून घ्यावा, कारण पुढे दुरुस्ती केंद्रात तोच जुळवून बघतात. लहान दुकानदाराची जीएसटी नोंदणी नसली तर त्याच्या बिलावर कर दिसणार नाही, पण तेही बिलच आहे. पावतीपुस्तकातला शिक्का-सही असलेला कागदही चालतो.

यातली एक तरतूद मुलांना आवर्जून सांगण्यासारखी आहे. जीएसटी नोंदणी असलेल्या दुकानदाराने दोनशे रुपयांच्या आतल्या विक्रीला स्वतंत्र बिल दिलं नाही तरी चालतं. ग्राहकाने मागितलं, तर मात्र द्यावं लागतं. म्हणजे वही-पेनाच्या खरेदीत बिलाचा हक्क तुमच्या तोंडून शब्द निघाला की जन्माला येतो! शिवाय २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बिल न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा म्हणून सरळ नोंदवलेली आहे. त्याच्याच खालोखाल दुसरी : सदोष वस्तू बिलात दिलेल्या मुदतीत, आणि मुदत दिलेली नसेल तर तीस दिवसांत, परत घ्यायला नकार देणं. 'एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही' ही पाटी आपल्याकडे इतकी मुरलेली आहे की ती कायदा असावा असंच वाटतं. पाटीने सदोष वस्तूबाबतचा हक्क जात नाही. मात्र रंग आवडला नाही, मैत्रिणीला दुसरा मिळाला, म्हणून परत करायचं असेल तर ते दुकानदाराच्या धोरणावर आहे. हा फरक स्पष्ट सांगितला नाही, तर मूल दुकानात जाऊन चुकीच्या मुद्द्यावर भांडतं आणि हरून येतं.

बिल मागण्याचा सराव वर्गातच करून घ्यायला हवा. एक मूल दुकानदार, एक ग्राहक. पहिल्या फेरीत ग्राहक एकतर पुटपुटतो, नाहीतर टेबलावर हात आपटून 'कायदा माहीत आहे का?' म्हणतो. दोन्ही उपयोगाचं नाही. पैसे द्यायच्या आधी, साध्या आवाजात मागायचं; पैसे दिल्यावर मागितलं की समोरच्याचं लक्ष पुढच्या गिऱ्हाइकाकडे गेलेलं असतं. आणि एक गोष्ट शिक्षकाने कधीही विसरू नये : पुण्यातल्या कुठल्याही वर्गात चार-पाच मुलांच्या घरी किराणा दुकान असतं, कुणाची आई खानावळ चालवते, कुणाच्या बाबांची वडापावची गाडी असते. आपला तास त्या मुलांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करणारा नसावा. त्यांचे बाबाही कामासाठी घेतलेली वस्तू खराब निघाली की अडकतात. कायद्यातच याला जागा आहे. पुन्हा विकण्यासाठी किंवा व्यापारी कारणासाठी घेतलेल्या वस्तूचा खरेदीदार 'ग्राहक' ठरत नाही, पण स्वतः राबून पोट भरण्यासाठी वापरायला घेतलेली वस्तू व्यापारी कारणात धरत नाहीत. म्हणून रिक्षा घेऊन स्वतः चालवणारा ग्राहक आहे, शिलाई मशीन घेऊन घरी काम करणारी ग्राहक आहे. हे ऐकलं की दुकानदारांची मुलं पुढे सरकून बसतात.

शिकवताना जुन्या आकड्यांची फार काळजी घ्यावी लागते. बाजारातल्या काही मार्गदर्शकांत अजून १९८६ च्या कायद्याचे आकडे आहेत. नवा कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला. ग्राहकांच्या तक्रारींचा निवाडा करणारा 'मंच' जाऊन 'आयोग' आला. जिल्हा आयोगाची मर्यादा आधी एक कोटी होती, डिसेंबर २०२१ च्या नियमांनी ती ५० लाख झाली. त्यावर दोन कोटींपर्यंत राज्य आयोग, त्यापुढे राष्ट्रीय आयोग. ही मर्यादा मोजतात ती वस्तू किंवा सेवेसाठी दिलेल्या किमतीवर, मागितलेल्या भरपाईवर नाही. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला शुल्क नाही. आता ग्राहक राहतो किंवा नोकरी करतो त्या ठिकाणीही तक्रार दाखल करता येते, त्यामुळे दिल्लीच्या कंपनीविरुद्ध पुणे जिल्हा आयोगात जाता येतं. वकील असलाच पाहिजे असं नाही. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत.

मुलं अवघड प्रश्न विचारतात आणि विचारायलाच हवेत. 'हॉटेलात वीस रुपयांची पाण्याची बाटली चाळीसला दिली तर?' दुकानात हे चालत नाही. पण हॉटेलात बसवून वाढण्याची सेवा असते, नुसती विक्री नसते, म्हणून तिथे छापील किमतीची मर्यादा लागत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये म्हटलं आहे. उलट बिलात आपोआप जोडलेला सेवा आकार देणं सक्तीचं नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने तशी मार्गदर्शक तत्त्वं जुलै २०२२ मध्ये काढली आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये ती उचलून धरली. 'सरकारी दवाखान्यात चुकीचा उपचार झाला तर?' जिथे सगळ्यांनाच मोफत उपचार मिळतो, तिथे हा कायदा लागू होत नाही. खासगी डॉक्टरांची पैसे घेऊन दिलेली सेवा मात्र सर्वोच्च न्यायालयाच्या १९९५ च्या निकालापासून कायद्याखाली आहे. 'शाळेविरुद्ध तक्रार करता येते का?' हा प्रश्न हमखास येतो, आणि शिक्षकाने तो टाळू नये. परीक्षा मंडळ परीक्षा घेतं तेव्हा ते सेवा देत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये म्हटलं. राष्ट्रीय आयोगाने २०२० मध्ये शाळा-महाविद्यालयांचं शिक्षण कायद्याबाहेर ठेवलं, पण कोचिंग क्लासला ती सूट दिली नाही.

पुण्यात हा क्लासचा मुद्दा फार जवळचा आहे. सदाशिव पेठेत, नारायण पेठेत कॉट बेसिसवर, म्हणजे खोलीतली एक खाट भाड्याने घेऊन राहून, स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी मुलं गावाकडून पैसे मागवून फी भरतात. त्यांना डोक्यावरचे फ्लेक्स वाचायला शिकवणं हे कुठल्याही व्याख्यानापेक्षा मोलाचं आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये प्राधिकरणाने कोचिंगच्या जाहिरातींसाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली. पन्नासहून जास्त विद्यार्थी असलेल्या केंद्रांना ती लागू आहेत. निवड झालेल्या विद्यार्थ्याचा फोटो त्याची लेखी संमती घेऊनच, आणि तीही निकालानंतर घेतलेली. त्याने कोणता कोर्स केला, किती दिवसांचा, पैसे भरून की मोफत, हे फोटोबरोबर लिहायचं. कारण दहा दिवसांची मुलाखतीची तयारी केलेला उमेदवार दोन वर्षांच्या कोर्सच्या जाहिरातीत हसताना दिसतो, आणि गावाकडचे वडील तो कोर्स विकत घेतात. अस्वीकृतीचा मजकूर (डिस्क्लेमर) दाव्याइतक्याच मोठ्या अक्षरात हवा. वर्गाला एका चौकात नेऊन हे चार मुद्दे वहीत घालून फ्लेक्स तपासायला लावा. 'फक्त शेवटच्या सात जागा' लिहिलेलं असेल तर तारीख टाकून फोटो काढा आणि पंधरा दिवसांनी पुन्हा बघा. फी भरण्याआधी परताव्याची अट लेखी मागणं, हप्त्यांत भरणं, प्रत्येक हप्त्याची पावती घेणं. खोलीच्या आणि मेसच्या डिपॉझिटलाही हेच.

मोबाइलवरची फसवणूक शिकवायला वेगळं साहित्य लागत नाही. कुठल्याही खरेदीच्या ॲपमध्ये वस्तू टोपलीत टाकून पैसे भरण्याच्या पानापर्यंत जायचं, भरायचे नाहीत. न मागितलेला विमा किंवा देणगी आपोआप जोडली गेली का? किंमत शेवटच्या पानावर वाढली का? प्राधिकरणाच्या नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी फसवणुकीचे असे तेरा प्रकार नावानिशी ठरवले आहेत. नावं पाठ नाही झाली तरी हरकत नाही. प्रत्येक मुलाने एका प्रकाराचा स्क्रीनशॉट आणला की झालं.

शेवटचे दोन तास लिहिण्यासाठी राखून ठेवावेत. तक्रार ही भाषेची कसोटी आहे, आणि मराठीचे शिक्षक इथे सोबत आले तर फार बरं. आधी दुकानात किंवा कंपनीच्या ग्राहक सेवेकडे, तक्रार क्रमांक घेऊन. मग १९१५ ही राष्ट्रीय हेल्पलाइन. तरी काही झालं नाही तर पंधरा दिवसांची मुदत देऊन लेखी नोटीस, स्पीड पोस्टाने, पोच जपून. नोटीस सक्तीची नाही, पण पुढे आयोगासमोर तीच उपयोगी पडते. मग आयोग, प्रत्यक्ष किंवा ऑनलाइन. अठरा वर्षांखालच्या मुलाच्या वतीने पालक तक्रारदार होतात, हे कायद्यात लिहिलेलं आहे. बऱ्याच मुलांना ते कुणी सांगितलेलं नसतं. निकालपत्रांत समोरच्याला कुठे 'विरुद्ध पक्ष', कुठे 'जाबदेणार', कुठे 'सामनेवाले' म्हणतात, तेही कानावर घालावं.

मुलांचा पहिला मसुदा असा येतो : 'माझी घोर फसवणूक झाली असून सदर दुकानदारास कठोर शासन व्हावे व मला न्याय मिळावा.' आयोगाला यातून काहीच करता येत नाही. 'घोर' खोडा. 'शासन' खोडा, कारण दुरुस्ती, बदली, परतावा, भरपाई या मागण्या आहेत. मग एकेक ओळ तारखेने लिहायला लावा. १२ जूनला ३,४५० रुपये देऊन मिक्सर घेतला. २ ऑगस्टपासून तो चालू होत नाही. ५ ऑगस्टला दुकानात नेला, 'कंपनीकडे जा' म्हणाले. ७ ऑगस्टला हेल्पलाइनवर तक्रार केली, तिचा क्रमांक हा. मिक्सर बदलून द्यावा किंवा ३,४५० रुपये परत मिळावेत, मानसिक त्रासापोटी अमुक, तक्रारीच्या खर्चापोटी तमुक. सोबत कागदपत्रांची यादी आणि प्रतिज्ञापत्र.

लिहिता लिहिता मुलं 'बिल क्रमांक' या ओळीपाशी येतात आणि पेनं थांबतात. दुसऱ्या दिवशी घरातली बिलं आणायला सांगितली की कपाटातून, डब्यांतून, गाडीच्या कागदांतून बिलं येतात, आणि त्यांतली बरीच कोरी असतात. मॉलमधलं, इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातलं बिल थर्मल कागदावर छापतात. त्यात शाई नसते, उष्णतेने अक्षर उमटतं. म्हणून उन्हात, गाडीच्या डिकीत, प्लॅस्टिकच्या पाकिटात ते वर्षा-दोन वर्षांत पांढरं पडतं, तक्रारीची मुदत असते तेवढ्याच काळात. लॅमिनेशन केलं तर उष्णतेने अख्खा कागद काळा होतो. घेतल्या दिवशीच फोटो काढायचा, झेरॉक्स काढून तीच फायलीला लावायची. आधीच कोरं झालेलं असेल तर दुकानाकडे तारीख आणि रक्कम सांगून दुय्यम प्रत मागता येते. यूपीआयची नोंद जोडावी, पण ती पैसे गेल्याचं सांगते, काय घेतलं ते सांगत नाही. मिक्सरच्या तळाशी चिकटवलेल्या पट्टीवर सिरियल नंबर असतो. तो आज रात्री घरी जाऊन वहीत उतरवून आणायचा.